मित्र डिप्रेशनमध्ये आहे, गोळ्या सोडल्यात, घरी सांगू नको म्हणतो. मी नक्की काय करायचं?

हिंजवडी_शटल

नमस्कार मंडळी. इथे नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात गेला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा एक मित्र आहे, लातूरच्या कॉलेजपासूनचा. इंजिनिअरिंग झाल्यावर मी नोकरीला लागलो, तो एमपीएससीच्या मागे लागला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं, खाली मेस, पलीकडच्या गल्लीत अभ्यासिका. मुख्य परीक्षेपर्यंत गेलेला पोरगा आहे, हुशारीचा प्रश्नच नाही. पण २०२५पासून राज्यसेवा वर्णनात्मक झाली तेव्हा म्हणाला आता परत पहिलीत बसल्यासारखं आहे, आणि तिथून हळूहळू गाडी रुळावरून घसरत गेली. म्हणजे आधीपासून काहीतरी असणारच, पण दिसायला लागलं ते तेव्हापासून.

दिवाळीला गावी गेला नाही. अभ्यासिकेचे पैसे भरलेत पण जात नाही. मेसमध्ये एक वेळ खाल्लं तर खाल्लं. अंघोळ नाही, दाढी नाही, पांघरूण डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो, बादलीत भिजवलेले कपडे तसेच पडून वास सुटला म्हणून शेवटी रूममेटनी धुतले. पोरं चांगली आहेत पण त्यांचीही परीक्षा आहे, किती बघणार. गावात याला आत्तापासूनच साहेब म्हणतात, आम्ही पण गमतीने साहेबच म्हणायचो, परवा फोनवर तोंडातून निघून गेलं तर काही न बोलता फोन ठेवून दिला.

मीच एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ते म्हणाले डिप्रेशन आहे, गोळ्या लिहून दिल्या, दोन आठवड्यांनी परत या. याने जेमतेम आठवडाभर घेतल्या आणि बंद. मळमळतं म्हणे, फरक काडीचा नाही आणि एकदा लागल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. घरी सांगायचं नाही अशी आईची शपथ घातलीय मला. वडील सोयाबीनच्या पैशातून महिन्याला पैसे पाठवतात, त्यांना काय तोंड दाखवू, हेच चालू असतं. फोन रात्री दीड-दोनला येतो, तासभर तरी चालतो, मी आपला ऐकतो, मग सकाळी साडेसातची बस पकडायची आणि मीटिंगमध्ये डुलक्या खायच्या.

काय बोलावं तेच कळत नाही हो. सगळं नीट होईल म्हटलं की चिडतो, गप्प बसलो की म्हणतो तूही कंटाळलास. गोळ्यांचं काय करू, घरी सांगू का शपथ पाळू, आणि खरं सांगायचं तर मलाच आता त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा येतो. कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

गडकोट_वेडा

भावा, एवढं टेन्शन घेऊ नकोस. शनिवारी उचल आणि राजगडावर घेऊन जा, मोकळी हवा, पिठलं भाकरी, माणूस दोन दिवसात फ्रेश. नाहीतर सरळ इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसव, माझा चुलतभाऊ जाऊन आला, एकदम बदलला. या गोळ्याबिळ्या डॉक्टर लोकांचा धंदा आहे.

अनघा_ठाणे

गडकोट, तुमचा हेतू चांगला असेल पण हा सल्ला इथे देऊ नका हो. विपश्यनेच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजार आहे का, औषधं चालू आहेत का असं विचारतात, आणि गंभीर मानसिक त्रास असेल तर येऊ नका असं त्यांच्याच नियमांमध्ये आहे. दहा दिवस कोणाशी बोलायचं नाही, फोन नाही, ज्याच्या डोक्यात आधीच दिवसरात्र तेच तेच फिरतंय त्याला तसं एकटं बसवायचं? आणि जो माणूस उठून दात घासू शकत नाहीये तो राजगड कसा चढेल. नाही जमलं की परत "मला एवढंही जमत नाही" हे आहेच.

शटल, तुमचा धागा वाचून मला सगळ्यात आधी एक विचारावंसं वाटलं. तो मरणाबद्दल बोलतो का? उगाच घाबरवत नाहीये. माझ्या मावसबहिणीच्या वेळी आम्ही सगळे या प्रश्नाच्या आजूबाजूला फिरत होतो, कोणी विचारत नव्हतं कारण वाटायचं की आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं यायचं. तिच्या डॉक्टर बाईंनी हे पहिल्या भेटीतच खोडून काढलं. विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही, उलट कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पण विचारायचं ते सरळ. "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असं नाही, कारण त्याचं उत्तर तुम्हीच देऊन ठेवलंत, तो "नाही नाही" म्हणून मोकळा होणार. शांतपणे म्हणा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हणाला तर दचकू नका, आईवडिलांचा विचार कर वगैरे लगेच सुरू करू नका, पुढचं विचारा, कधीपासून, किती वेळा येतं मनात, कसं करायचं काही ठरवलंय का. काही ठरवलंय असं कळलं तर मग शपथबिपथ काही नाही, त्याला एकट्याला सोडायचं नाही, ज्याची भीती आहे ती वस्तू खोलीतून बाहेर काढायची, त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असेल तर मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, आणि ११२ आहेच.

अजून एक, बरेच दिवस अगदी खाली असलेला माणूस अचानक शांत, हलका वाटायला लागला, पुस्तकं-नोट्स वाटून टाकायला लागला, तर बरा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६. केंद्र सरकारचा आहे, ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि तो फक्त पेशंटसाठी नाहीये. तुम्ही स्वतः लावू शकता, माझा मित्र असा असा आहे, मी काय करू, हे त्यांना विचारू शकता. आधी तेच करा.

मेडिकलवाला_सांगली

काउंटरच्या अलीकडून सांगतो, मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट आहे. तुमच्या मित्राची कथा आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी घेऊन येतं, अर्धी पट्टी परत घ्या म्हणून.

डिप्रेशनच्या आजकालच्या बहुतेक गोळ्यांचं असं असतं की त्रास आधी आणि गुण नंतर. मळमळ, पोट बिघडणं, डोकं जड, झोप कमीजास्त हे पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला कधी सहा-आठ आठवडे. म्हणजे तुमच्या साहेबांनी (सॉरी, मित्राने) नेमका सगळा त्रास भोगला आणि फायदा यायच्या आधी उतरला. हे त्याला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित थांबला असता, पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं.

सवय लागते हे लोक झोपेच्या गोळ्यांवरून धरून बसलेत. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी नशा नसते, चटक लागत नाही. मात्र महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असं होतं, म्हणून डॉक्टर बंद करताना डोस हळूहळू उतरवतात. आयुष्यभर वगैरे काही नाही, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या माणसाला साधारण बरं वाटायला लागल्यावर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगतात.

आता काम काय करायचं तर मनाने परत सुरू करू नका. त्याच डॉक्टरला फोन लावा, एवढे दिवस घेतली, या त्रासाने सोडली, हे खरं सांगा. डॉक्टर रागावत नाहीत, त्यांना रोजचं आहे. डोस कमी करून चढवतात, जेवणानंतर घ्यायला सांगतात, नाहीतर गोळी बदलतात. थायरॉइड, बी ट्वेल्व्ह तपासले नसतील तर तेही विचारा, पोरं मेसच्या जेवणावर वर्षानुवर्षं काढतात.

आणि गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे लक्ष जास्त ठेवा, कमी नाही. अंगात थोडी ताकद येते पण मन अजून तिथंच असतं, तरुण पोरांमध्ये तर जास्तच सांभाळायचं असतं. महिन्याची गोळी एकदम त्याच्या कपाटात ठेवू नका, आठवड्याची द्या, बाकी तुमच्याकडे.

दुसरी_इनिंग

मी यातून गेलोय. मित्राच्या बाजूने नाही, पांघरुणाच्या बाजूने. म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या.

लोक म्हणायचे "काहीही लागलं तर सांग". चांगल्या मनाने म्हणायचे. पण त्या काळात काय लागतंय ते शोधायचं, मग ते मागायचं, मग समोरच्याला त्रास दिला म्हणून वाईट वाटून घ्यायचं, एवढी तीन कामं कोण करणार, त्यापेक्षा नको. माझा एक मित्र होता तो विचारायचाच नाही. रविवारी सकाळी यायचा, हातात लॅपटॉप, म्हणायचा माझं काम आहे, इथे बसतो, तू झोप. आणि खरंच काम करत बसायचा. तासाभराने म्हणायचा पोहे आणतोय, कांदा चालेल का बटाटा. एवढंच उत्तर द्यायचं होतं, कांदा का बटाटा. ते मला जमायचं. कधी चादर ओढून म्हणायचा ऊठ दोन मिनिटं, ही धुवायला टाकतो, आणि नवी घालून द्यायचा. त्याने मला एकदाही पॉझिटिव्ह विचार कर म्हटलं नाही, एकही व्हॉट्सअ‍ॅप सुविचार पाठवला नाही, यासाठी त्याला सात खून माफ.

मेसेज करायचा तर शेवटी "रिप्लाय नको देऊस" असं लिहायचा. हे फार मोठं आहे बरं का. न वाचलेल्या मेसेजेसचा आकडा वाढत जातो आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं राहिलंय या विचाराने फोन बघायचीच भीती वाटते. त्याच्या मेसेजला उत्तर द्यायचं नसायचं म्हणून फक्त त्याचाच मेसेज मी उघडायचो.

बोलण्याचं म्हणाल तर "सगळं नीट होईल" याचा राग येतो कारण तुम्हाला कसं माहीत? तुमच्याकडे निकाल आलाय का? त्याऐवजी "लय बेकार वाटत असेल ना" इतकंच. तो म्हणेल मी घरच्यांना फसवलंय, पैसे बुडवले. तिथे वाद घालू नका, नाही नाही तू किती हुशार आहेस म्हणून मार्कशीट काढू नका. "हे ओझं रोज उठून उचलतोयस म्हणजे दमणारच" असं काहीतरी म्हणा. आणि गप्प बसलात तर गप्प का बसलात ते सांगा, "मला काय बोलावं सुचत नाहीये पण मी आहे फोनवर". मग तो तूही कंटाळलास म्हणणार नाही. म्हटला तरी त्या दिवसापुरतं.

अंघोळीचं म्हणाल तर अंघोळ कर म्हणून होत नाही. गरम पाण्याची बादली काढून ठेवायची आणि सांगायचं नुसते पाय धू. बऱ्याचदा पुढचं होतं. नाही झालं तर पाय तर धुतले.

अनघा_ठाणे

दुसरी इनिंग, +१००. हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवायला हवा.

उदगीरकर_गुरुजी

घरच्यांचं मी बोलतो, कारण मी त्याच भागातला, शाळेत जन्म गेला, असे बाप रोज बघितलेत. लेकरा, तू शपथेला घाबरू नको पण उद्या सकाळी उठून बापाला फोनही लावू नको. बापाला काय कळणार फोनवर? डिप्रेशन म्हटलं की तो म्हणणार अभ्यासाचा कंटाळा आलाय, नाहीतर गावात कोणीतरी सांगणार बाहेरचं बघा, आणि पोराला घेऊन निघाले कुठल्या तरी देवऋष्याकडं. मग पोरगं तुझ्यावरही विश्वास ठेवणार नाही आणि घरच्यावरही.

घरात एक तरी माणूस असं असतं की ज्याचं बाप ऐकतो आणि पोरालाही ज्याची भीती नसते. मामा असेल, थोरली बहीण, दाजी, एखादा मास्तर. तो कोण ते पोरालाच विचार. "घरी सांगू का" विचारलं की तो नाहीच म्हणणार, त्यापेक्षा "घरातल्या कोणा एकाला सांगायचंच झालं तर कोणाला चालेल" असं विचार. आणि मग त्या माणसाला डॉक्टरच्या पुढच्या भेटीला पुण्याला बोलव, डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे. मास्तरच्या आणि डॉक्टरच्या तोंडून आलेलं आमच्याकडं अजून चालतं.

पैशाचंही बोलून टाका. सोयाबीनला भाव काय मिळतोय सगळ्यांना माहीत आहे. त्या पोराच्या डोक्यात निम्मा हिशोबच असणार.

अनघा_ठाणे

गुरुजी, पटलं, फक्त एक. हे सगळं सवडीने करायला तो सुरक्षित असला पाहिजे. जीवाची भीती असेल तर मामा शोधत बसू नका, जो जवळ आहे त्याला सांगा, बाप तर बाप. त्याने नंतर वर्षभर अबोला धरला तरी चालेल.

उदगीरकर_गुरुजी

बरोबर. तिथं मी काही बोलणार नाही.

काळा_कोट

वकील आहे म्हणून दोन गोष्टी, कारण हे प्रश्न येतातच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्ण आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस, स्वतः नेमू शकतो. त्यासाठी नातेवाईकच हवा असं नाही, सज्ञान मित्रही चालतो, साध्या कागदावर लिहून सही केली आणि तुम्हीही लेखी होकार दिला की पुरे. मित्राला घरचे नकोच असतील तर हा मार्ग आहे. तसंच उपचारांची माहिती गोपनीय असते, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर तुम्हाला सगळं सांगणार नाहीत, त्यावरून त्यांच्याशी भांडू नका. पण तुम्ही जे बघताय ते डॉक्टरांना सांगायला तुम्हाला कोणीच अडवत नाही.

आणि पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात जायचं टाळतात, हे मी स्वतः बघितलंय. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्या स्वरूपात राहिलेलंच नाही.

रात्रपाळी

सगळ्यांनी मित्राबद्दल लिहिलं, मी शटलबद्दल लिहिते. तुम्ही रात्री दोनला फोन उचलताय आणि सकाळी साडेसातची बस पकडताय, हे किती दिवस चालणार? नाव दिसलं की पोटात गोळा येतो हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण याच मार्गाने गेलात तर एक दिवस फोन सायलेंटवर टाकाल आणि मग कायमचा टाकाल, आणि ते त्याला जास्त लागेल.

वेळ ठरवून द्या. "मी रोज साडेनऊला फोन करतो, अर्धा तास फक्त तुझा, अकराला मी झोपतो." फोन तुम्ही करायचा, त्याची वाट बघायची नाही. हे नक्की होणार असं त्याला कळलं की रात्री दोनचे फोन पुष्कळ कमी होतात. त्यातून "रात्री मरणाचे विचार आले तर मात्र कितीही वाजता उठव" हे स्वतंत्रपणे सांगायचं, आणि मी नाही उचलला तर १४४१६, हे पण. नंबर त्याच्या मोबाईलमध्ये त्याच्यासमोर सेव्ह करून द्या. रूममेटपैकी एक तरी तयार होईल, कॉलेजचा अजून कोणी पुण्यात असेल, वार वाटून घ्या. अर्थात त्याला विचारून, नाहीतर माझी चर्चा करता म्हणून परत भडका.

गडकोट_वेडा

ओके, विपश्यनेच्या फॉर्मचं मला माहीत नव्हतं. ट्रेकचं मी मागे घेतो. पण शटल, संध्याकाळी पर्वती पायथ्यापर्यंत नुसतं चालून यायला तरी हरकत नसावी? वर चढायचं नाही. मी पेठेतच राहतो, तुझ्या वारी कमी पडलं तर मला व्यनि (खासगी मेसेज) कर, मी येईन सोबत.

हिंजवडी_शटल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल आधी १४४१६ला मीच फोन केला, ताईंनी नीट ऐकून घेतलं, अनघाताईंनी लिहिलंय साधारण तेच विचारायला सांगितलं. मग संध्याकाळी पेठेत गेलो आणि विचारलं. बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला मरून जावं असं वाटतं, झोपेत गेलो तर बरं असं वाटतं, पण काही ठरवलेलं नाही. आणि म्हणाला तू पहिलाच आहेस ज्याने विचारलं. त्यानंतर रडला भरपूर. मी काही बोललो नाही, म्हणजे म्हणालो की मला काही सुचत नाहीये पण मी बसलोय.

घरातलं कोण चालेल विचारलं तर आधी कोणीच नाही, मग म्हणाला अंबाजोगाईची ताई. तिला त्याच्यासमोरच फोन लावला, ती शनिवारी येतेय. गोळ्यांचं डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करून सांगितलं, त्यांनी लवकरची वेळ दिलीय पण तो म्हणतो तिथली फी परवडत नाही, दर वेळी तू भरणार का. पुण्यात स्वस्तात कुठे दाखवता येईल? आणि गडकोट, तुला व्यनि केलाय.

मेडिकलवाला_सांगली

आधी या आठवड्यातली भेट तिथेच करा, पैशासाठी आत्ता खंड पाडू नका, त्याला सांगा पुढच्या वेळेपासून बदलू. नंतरसाठी ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. औंधचं जिल्हा रुग्णालयही बघा, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या, आणि केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, त्याला बाकावर बसवा, रांग बघूनच परत फिरणारे खूप असतात. आधार कार्ड, आधीची चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी बरोबर ठेवा. पट्टी फेकली असेल तर नाव आणि मिलिग्रॅम मला व्यनि करू नका, चिठ्ठीचा फोटो काढून त्या डॉक्टरांनाच दाखवा.